धुरा म्हणजे पडीक जमीन नव्हे

ग्लायफोसेट हे तणनाशक आता आपल्या शेतकरी बंधूंना नवीन राहिलेले नाही. वरोरा, भद्रावती, कोरपना, राजुरा या कापूसपट्ट्यात ते कपाशीच्या निमित्ताने आले, आणि तेथून हळूहळू धानाच्या मुलखातही पोचले. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, आरमोरी, कुरखेडा या भागांत रोवणीच्या आधी किंवा नंतर बांधीचे धुरे या औषधाने जाळून काढण्याची प्रथा पडू पाहत आहे. विचारले तर उत्तर ठरलेले असते. ‘डब्यावरच लिहिले आहे की हे बिगर-पिकाऊ जागेसाठी आहे. धुऱ्यावर आम्ही पीक थोडेच घेतो?’ प्रस्तुत लेखाचा हेतू या उत्तराची तपासणी करणे हा आहे. आमचे मत असे की झाडीपट्टीतील धुरा ही कोणत्याही अर्थाने पडीक किंवा बिगर-पिकाऊ जागा नव्हे, आणि म्हणून या औषधाला तेथे स्थान असू नये. हे मत का बनले ते सांगण्यापूर्वी या रसायनाचा स्वभाव समजून घेणे इष्ट होईल. कारण ज्याचा स्वभाव ठाऊक नाही त्याच्याशी व्यवहार करणे केव्हाही धोक्याचे.

ग्लायफोसेट हे फॉस्फोनेट नावाच्या कुळातील रसायन आहे. या कुळाचे लक्षण असे की त्यात फॉस्फरसचा अणू कार्बनच्या अणूशी थेट जोडलेला असतो. कीटकनाशकांपैकी मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस वगैरे औषधेही फॉस्फरसयुक्तच आहेत, परंतु त्यांत कार्बन व फॉस्फरस यांच्या मध्ये प्राणवायूचा वा गंधकाचा दुवा असतो. हा भेद कागदावर लहान दिसतो, परिणामाने फार मोठा आहे. कीटकनाशकांचा तो गट प्राण्यांच्या मज्जासंस्थेवर घाला घालतो. ग्लायफोसेट तसे करीत नाही. फॉस्फोनेटमधील कार्बन-फॉस्फरस बंध बराच बळकट असून तो सहजासहजी तुटत नाही. तो तोडण्याची विद्या जमिनीतील काही जिवाणूंना मात्र अवगत आहे.

हे बंध केवळ मनुष्याच्या कारखान्यातच तयार होतात असे नव्हे. 1959 साली जपानी शास्त्रज्ञांना मेंढीच्या पोटातील सूक्ष्म जीवांत अशाच बंधाचे एक नैसर्गिक संयुग आढळले. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात जे निसर्गतः आढळले, त्याच कुळातील रसायने आज उद्योगधंद्यांत मोठ्या प्रमाणावर वापरली जातात. चंद्रपूरजवळच्या औष्णिक वीजकेंद्राचे उंच शीतन-मनोरे आपण पाहिलेच असतील. पाणी पुनःपुन्हा फिरवून थंड करणाऱ्या अशा यंत्रणांत नळ्यांच्या आतून चुन्याचा थर बसतो. तो बसू नये म्हणून जगभर पाण्यात फॉस्फोनेट मिसळण्याची पद्धत आहे. कपडे धुण्याच्या काही चूर्णांतही त्यांचा उपयोग होतो. हाडे ठिसूळ होण्याच्या विकारावर दिली जाणारी काही औषधे याच कुळातील आहेत. या साऱ्या उपयोगांच्या मुळाशी एकच गुण आहे. फॉस्फोनेट हे चुना, लोह, जस्त यांसारख्या धातूंना घट्ट धरून ठेवते.

ग्लायफोसेटचा इतिहासही याच गुणापासून सुरू होतो. हे संयुग प्रथम 1950 साली स्वित्झर्लंडमधील एका औषधकंपनीतील शास्त्रज्ञाने बनविले. परंतु औषध म्हणून त्याचा उपयोग दिसेना, तेव्हा ते बाजूस पडले. 1964 साली अमेरिकेत धातू बांधून ठेवणारे रसायन म्हणून त्याचे पेटंट घेण्यात आले. ते तण मारते ही गोष्ट 1970 साली मोन्सँटो कंपनीतील जॉन फ्रान्झ या रसायनशास्त्रज्ञाच्या लक्षात आली, आणि 1974 साली ते ‘राउंडअप’ या नावाने बाजारात आले. ते नेमके कोणत्या मार्गाने वनस्पतीला मारते याचा उलगडा मात्र त्यानंतर, 1980 साली झाला. वनस्पतींच्या पेशींत तीन आवश्यक अमिनो आम्ले तयार करणारी एक साखळी असते. तीतील एक विकर ग्लायफोसेटमुळे बंद पडते, आणि वनस्पती उपासमार झाल्याप्रमाणे पिवळी पडून मरते. ही साखळी माणसात व जनावरांत नसते. या औषधाचा गवगवा झाला तो मुख्यतः याच कारणाने.

आता या स्वभावातून व्यवहारात काय निष्पन्न होते ते पाहावे.

पहिली गोष्ट अशी की या औषधाला शत्रू-मित्र ओळखता येत नाही. जे जे हिरवे पान त्याच्या तडाख्यात येईल, त्या त्या पानातून ते आत शिरते, रसाबरोबर खाली उतरते आणि मुळांसकट झाड मारते. हरळी आणि तूर, लव्हाळा आणि धान, यांत ते भेद करीत नाही. वाऱ्याने उडालेल्या तुषारांनाही हाच नियम लागू आहे.

दुसरी गोष्ट अशी की ते मातीच्या कणांना चटकन चिकटते. म्हणून गढूळ पाण्यात कालविलेले औषध निकामी होते, आणि क्षारयुक्त जड पाण्यातही त्याचा जोर कमी होतो. कारण पाण्यातील चुना त्याला पकडून ठेवतो. मातीला चिकटल्यामुळे ते खाली विहिरीत फारसे झिरपत नाही असे सांगतात, व ते पुष्कळ अंशी खरेही आहे. परंतु चिकटलेली मातीच जेव्हा पावसाच्या लोंढ्याबरोबर वाहून जाते, तेव्हा तिच्यासोबत औषधही जाते. जमिनीतील जिवाणू ग्लायफोसेटचे विघटन करतात. त्याला माती व हवामानाप्रमाणे काही दिवसांपासून काही महिन्यांपर्यंत अवधी लागतो. त्यातून निर्माण होणारा अवशेष मात्र मूळ औषधापेक्षा अधिक काळ टिकून राहतो.

तिसरी गोष्ट, जमिनीत पडून असलेल्या बियांवर याचा काहीही परिणाम होत नाही. आज धुरा उघडा दिसतो. पुढच्या सरीनंतर त्याच धुऱ्यावर नवे तण उगवते. इतकेच नव्हे, तर वर्षानुवर्षे एकच औषध मारीत राहिल्यास त्याला न जुमानणारे तण निवडले जाते. ऑस्ट्रेलियात असे गवत 1996 सालीच आढळले. पुढे अमेरिकेतील कपाशीच्या शेतांत राजगिऱ्याच्या कुळातील एका तणाने हाच प्रकार केला, आणि तेथील शेतकऱ्यांवर पुन्हा हाताने तण उपटण्याची पाळी आली.

कायद्याची बाजूही स्पष्ट असलेली बरी. आपल्या देशात ग्लायफोसेटला मान्यता मिळाली ती चहाच्या मळ्यांसाठी व बिगर-पिकाऊ जागांसाठी. कपाशी, धान, सोयाबीन यांपैकी कोणत्याही उभ्या पिकात त्याची शिफारस नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून, कीडनियंत्रणाचा व्यवसाय करणाऱ्या अधिकृत व्यक्तींखेरीज इतर कोणी हे औषध वापरू नये, असा निर्बंध जाहीर केला. तणनाशक सहन करणाऱ्या कपाशीच्या बियाण्याला मान्यता नसताना ते चोरट्या मार्गाने विकले गेले, हे सर्वांना ठाऊक आहे. जून 2019 मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहागीर येथे शेतकऱ्यांनी अशा बियाण्याची उघड पेरणी करून सरकारला आव्हानही दिले. त्या आंदोलनामागे निंदणाच्या खर्चाने गांजलेल्या शेतकऱ्याची खरी व्यथा होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु बिनपावतीचे बियाणे उगवले नाही तर दाद कोणाकडे मागावयाची, हा प्रश्नही तितकाच खरा आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. ‘बिगर-पिकाऊ जागा’ हे शब्द कारखान्याचे आवार, रेल्वेची बाजू अथवा गोदामाभोवतालचे पटांगण यांस शोभतात. आपला धुरा त्यात बसतो काय?

आपल्याकडे धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर तूर टोचण्याची जुनी चाल आहे. चिखलात तूर टिकत नाही, म्हणून शहाण्या शेतकऱ्याने तिला धुऱ्यावर जागा दिली. घरच्या वर्षभराच्या वरणाची सोय अनेक कुटुंबांत या धुऱ्यावरच होते. ज्या जागेत डाळ पिकते तिला बिगर-पिकाऊ म्हणणे हा शब्दांचा दुरुपयोग होय.

पावसाळ्यात तरोटा, कुरडू, केना, घोळ, माठ या भाज्या बाया-माणसे कोठून खुडून आणतात? धुऱ्यावरून, पांदणीवरून आणि शेताच्या कडेवरून. जुलै-ऑगस्टमध्ये घरातील धान्य सरत येते, हाताशी पैसा नसतो, बाजाराचा रस्ता नाल्याने अडविलेला असतो. अशा वेळी या भाज्या गोंड, माडिया व इतर अनेक गरीब घरांचा आधार असतात. फवारलेला धुरा पहिले काही दिवस हिरवाच दिसतो. भाजी खुडणाऱ्या बाईला काल तेथे काय मारले हे सांगणारी कोणतीही खूण त्या पानावर नसते. जो धुरा एकाच्या सातबाऱ्यावर आहे, त्यावरील भाजी साऱ्या गावाची असते, ही आपल्या मुलखाची रीत आहे. तेव्हा धुऱ्यावर विष मारणे ही एकट्याची खासगी बाब राहत नाही.

धुऱ्यावरील गवत हा बैलांचा चाराही आहे. रोवणीच्या दिवसांत जनावरांना मोकळे सोडता येत नाही. कापून आणलेल्या धुऱ्यावरच्या गवतावरच ती तगतात.

याहून मोठी गोष्ट म्हणजे धुऱ्याचे आयुष्य. झाडीपट्टीत पाऊस भरपूर पडतो आणि तो थोड्या महिन्यांत पडतो. बांधीत पाणी कोंडून धरणारा मातीचा धुरा उभा राहतो तो गवताच्या मुळांच्या विणीवर. वरून गवत कापले तरी मुळे जिवंत राहतात व माती धरून ठेवतात. ग्लायफोसेट मुळेच मारते. मेलेली मुळे कुजली की धुऱ्याची माती सैल होते, खेकड्यांची व उंदरांची बिळे मोठी होतात, आणि ऐन निसवण्याच्या वेळी एखाद्या झडीत धुरा फुटतो. निंदणाचे वाचविलेले पैसे मग धुरा बांधण्यात जातात, आणि वाहून गेलेले पाणी तर परत येतच नाही.

ही वाहून गेलेली माती जाते कोठे? खालच्या बोडीत, आणि बोडीतून तलावात. माजी मालगुजारी तलाव हे आपल्या मुलखाचे वैभव आहे. त्यांत सिंचनाचे पाणी आहे, शिंगाडा आहे, आणि ढिवर बांधवांची मासेमारी आहे. ग्लायफोसेटच्या द्रावणात पानाला औषध चिकटावे म्हणून साबणासारखी जी पूरक द्रव्ये घालतात, त्यांपैकी काही मासळीला व बेडकांच्या पिलांना मूळ औषधापेक्षाही अधिक घातक आहेत. डब्यावरील रंगीत त्रिकोण हा मुख्यतः सस्तन प्राण्यांवरील तीव्र विषारीपणा दाखवितो. मासळीचे काय होईल हे त्या त्रिकोणावरून कळत नाही. आणि बांधीतील बेडूक हा धानावरील किडी फुकटात खाणारा चाकर आहे, हेही विसरून चालणार नाही.

या मताला जे आक्षेप घेतले जातात, त्यांचा विचार करणे न्यायाचे होईल.

पहिला आक्षेप मजुरांचा. रोवणी व निंदण एकाच वेळी साऱ्या गावात चालते. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत. ही अडचण खरी आहे. तसेच, चिखलात दिवसभर वाकून निंदण करणाऱ्या स्त्रियांच्या कंबरेचे दुखणेही खरे आहे. जो अधिकारी ‘हाताने निंदा’ एवढेच सांगून पुढे जातो, त्याने ते काम एक दिवस करून पाहावे. यास्तव पर्याय सांगितल्याशिवाय मनाई सांगण्याचा आम्हांस अधिकार नाही. तो पर्याय पुढे दिला आहे.

दुसरा आक्षेप भीतीचा. वाढलेल्या गवतात साप दिसत नाही. आणि ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या भागांत तर वाघाचे भय आहे. शेतात काम करताना माणसे बळी पडली आहेत. धुरा स्वच्छ असावा ही मागणी जिवाच्या काळजीची आहे, आळसाची नव्हे. परंतु त्यासाठी गवत आखूड असले म्हणजे पुरते. ते मुळासकट मेलेले असण्याची गरज नाही. वीतभर उंचीवर कापलेला धुरा नजरेला मोकळा असतो आणि पाण्यालाही दाद देत नाही.

तिसरा आक्षेप असा की हे औषध माणसाला निरुपद्रवी आहे, मग एवढी चिंता कशाला? याबाबत शास्त्रज्ञांत एकमत नाही, हे स्वच्छपणे सांगितले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने 2015 साली ग्लायफोसेटला मानवात बहुधा कर्करोगकारक असलेल्या पदार्थांच्या गटात घातले. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने त्याच वर्षी तसा संभव कमी असल्याचे मत दिले. आणि 2023 साली युरोपीय संघाने या औषधाचा परवाना आणखी दहा वर्षांसाठी वाढविला. हा वाद आपण येथे मिटवू शकत नाही, आणि आमचे म्हणणे त्यावर अवलंबूनही नाही. उद्या हे औषध माणसाला पूर्ण निर्धोक ठरले तरी धुऱ्याची तूर, धुऱ्याची भाजी व धुऱ्याची मुळे यांना ते निर्धोक ठरणार नाही.

आता पर्यायाकडे येऊ. धुऱ्यासाठी उत्तम साधन म्हणजे खांद्यावर अडकवून चालविण्याचे गवत कापणी यंत्र. प्रत्येकाने ते विकत घेण्याची गरज नाही. बचत गटाने किंवा शेतकरी गटाने एक-दोन यंत्रे अवजार बँकेत ठेवून भाड्याने द्यावीत. हंगामात तीन वेळा कापणी केली, म्हणजे रोवणीपूर्वी, रोवणीनंतर महिन्याने व निसवण्यापूर्वी, तर धुरा मोकळा राहतो आणि चाराही मिळतो. तण बी धरण्यापूर्वी कापावे. बी पडू दिले तर पुढील वर्षीचे काम आपण आजच पेरून ठेवतो. धुऱ्यावर तूर दाट लावल्यास तिच्या सावलीनेही पुष्कळ तण दबते. यंत्र चालविताना पायात बूट व डोळ्यांवर चष्मा असावा.

बांधीतील तणासाठी चिखलणी दोन टप्प्यांत करावी. पहिल्या चिखलणीनंतर आठ-दहा दिवस थांबल्यास उगवलेले तण दुसऱ्या चिखलणीत गाडले जाते. रोवणी दोरीने ओळीत केल्यास दहा-बारा दिवसांनी कोनो-वीडर फिरविता येतो. त्याने तण मातीत मिसळते, मुळांना हवा मिळते, व बाईला वाकावे लागत नाही. धानाच्या रोवणीनंतरचे पहिले महिना-दीड महिना पीक तणमुक्त राहिले की पुढचे तण फारसे नुकसान करीत नाही. तरीही औषधाची गरज पडलीच, तर धानासाठी शिफारस केलेली निवडक तणनाशके आहेत. त्यांची मात्रा व वेळ यांविषयी सिंदेवाही येथील कृषी संशोधन केंद्र अथवा सोनापूर येथील कृषी विज्ञान केंद्र यांचा सल्ला घ्यावा. कपाशीत पहिले दोन महिने डवरणी वेळेवर होणे महत्त्वाचे. ओळीतील तणापुरते निंदण ठेवले तर मजुरी बरीच कमी होते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी एक सूचना स्वतंत्रपणे करणे अगत्याचे आहे. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. ती विषबाधा कीटकनाशकांची होती. त्या प्रकारात डॉक्टर अॅट्रोपीन हे इंजेक्शन देतात, ते सर्वांच्या ऐकण्यात आले आहे. ग्लायफोसेटच्या विषबाधेवर असा नेमका उतारा नाही. पोटात गेल्यास ते प्राणघातक ठरू शकते, आणि उपचार लक्षणांनुसार करावे लागतात. नावात फॉस्फरस आहे म्हणून दोहोंचा उपचार एकच, असे समजणे घातक ठरेल. तेव्हा रोग्याबरोबर औषधाचा डबा किंवा त्यावरील चिठ्ठी दवाखान्यात नेलीच पाहिजे. रोग्याला घरी बळेच ओकारी काढावयास लावू नये. अंगावर औषध पडले असल्यास कपडे काढून भरपूर पाण्याने अंग धुवावे. रिकामा डबा पाण्यासाठी, तेलासाठी किंवा मोहफुलांसाठी कदापि वापरू देऊ नये.

नागभीड तालुक्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी स्वतःच्या शेतातील धानात तीन वेगळ्या लोंब्या ओळखल्या आणि त्यांतून एचएमटी हे वाण निवडून काढले. ते कोणत्याही महाविद्यालयात गेले नव्हते. त्यांच्यापाशी होती ती शेताकडे निरखून पाहणारी नजर. तीच नजर आपण धुऱ्याकडे वळवावी, एवढीच विनंती आहे. धुऱ्यावर काय काय उगवते, त्यातले कोण काय नेते, आणि धुऱ्याचे पाणी कोठे जाते, याची नोंद प्रत्येक गावात एकदा व्हावी. कार्यकर्त्यांनी ती ग्रामसभेपुढे ठेवावी, आणि गावाचे धुरे, पांदणी व तलावांचे काठ यांवर तणनाशक मारू नये असा ठराव गावाने स्वतः विचार करून करावा. वनहक्क व ग्रामसभा यांच्या कामात गडचिरोली जिल्ह्याने देशाला वाट दाखविली आहे. मेंढा (लेखा) गावाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला तो गावाने एकत्र बसून विचार करण्याच्या सवयीमुळेच. जे गाव जंगल सांभाळू शकते, त्याला आपल्या बांधीचे धुरे सांभाळणे अवघड नाही.